काठोकाठ भरलेला मॅकियाटो

माझ्या आत्याला अर्धा कप बघवत नाही. आता ही काही वाईट खोड नव्हे, पण ज्या बाईला ही खोड आहे तिने कॉफीच्या दुकानात काम करू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. ते मी मनातच ठेवलं, कारण आत्यासमोर मत मांडायची आमच्या घरात पद्धत नाही.

आत्याचा उभा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेला. पेशंटांना दूध वाटायचं काम तिच्याकडे होतं. पेला काठोकाठ भरला नाही तर तिच्या हाताला चैन पडायची नाही. मग ती निवृत्त झाली आणि घरी बसली. आधी घरातली कपाटं आवरून झाली, मग शेजारणीची. त्यानंतर खिडकीशी बसून ती रस्त्यावरून जाणाऱ्यांना नावं ठेवू लागली. एकदा मला म्हणाली, "माझा आता कुणाला काही उपयोग नाही रे." आत्या असं बोलणारी बाई नव्हे. मला फार वाईट वाटलं.

अशात तिच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, दिवस गेले. वहिनीचं कॉफीचं छोटंसं दुकान आहे. चार टेबलं, एक काउंटर आणि त्यावर सारखं फुसफुसणारं एक चकचकीत यंत्र. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजायला लागले आणि डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. दादा कायम फिरतीवर. आत्याला संधीच मिळाली.

"मी आहे ना! मी सांभाळते काउंटर."

वहिनीचा चेहरा उतरला, पण ती हुशार आहे. सासूला नाही म्हणण्याऐवजी तिने अट घातली. "आई, आधी सगळे प्रकार शिकून घ्या. जमलं तर काउंटर तुमचं. नाही जमलं तर मी पगारावर एखादी मुलगी ठेवणार, आणि मग रुसून बसायचं नाही."

अटीचा शेवटचा भाग आत्याला ऐकू आला नसावा.

चाखायला मला बसवण्यात आलं. माझं ऑफिस वरच्याच मजल्यावर आणि नात्यातला माणूस फुकट मिळतो, एवढीच माझी पात्रता. वहिनीने बारीक दळलेली कॉफी दाबून बसवली, यंत्राचं बटण दाबलं आणि खालच्या चिमुकल्या कपात काळीभोर धार पडली.

"हा एस्प्रेसो. दाबाने काढलेली कडक कॉफी. बाकी सगळ्यांचा पाया हाच."

आत्याने कपात डोकावून पाहिलं. "बाकीचा कुठाय?"

"एवढाच असतो, आई."

"अगं, हा तर कुणीतरी पिऊन ठेवल्यासारखा दिसतोय!"

त्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो. हा आत्याला पटला, कारण कप भरत होता. भरपूर गरम दूध आणि वर फेसाचा पातळ थर घातला की लाते. हा तर तिला बेहद्द आवडला, "हे कसं माणसात आल्यासारखं वाटतं," म्हणाली. कॅपुचिनोत दूध कमी आणि फेस जाड. त्यावर तिचा निकाल असा, की वरून भरलेला दाखवायचा आणि आत कमी द्यायचं, ही उघड उघड फसवणूक आहे. फ्लॅट व्हाइट म्हणजे लहान कप, लातेपेक्षा कमी दूध आणि फेस नावाला, म्हणून कॉफी जास्त लागते जिभेला. "मग लातेच द्यावा की बिचाऱ्याला," आत्या म्हणाली. शेवटी वहिनीने मॅकियाटो केला. एस्प्रेसोवर चमचाभर दुधाचा फेस, संपला विषय. आत्याने कपाळाला हात लावला.

"चमचाभर? हे काय खोकल्याचं औषध आहे?"

नावं तिला दोन दिवसांत तोंडपाठ झाली. प्रश्न डोक्याचा नव्हताच, हाताचा होता. तोंडाने ती "एक मॅकियाटो" म्हणायची, सुरुवातही चमच्यानेच करायची, आणि मग कपातली रिकामी जागा बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. लहान कप सरळ बाजूला, मोठा कप पुढे आणि दुधाची धार सुरू. गिऱ्हाइकाने काहीही मागावं, पदरात लातेच पडायचा. बहुतेकांना काही कळत नव्हतं. एक बाई तर कॅपुचिनो म्हणजे लातेच असतो असं धरून चालल्या होत्या आणि मैत्रिणींना तसं सांगतही होत्या. वहिनी मागच्या खुर्चीवर बसून दात-ओठ खायची.

आणि मग घड्याळवाले काका यायचे बंद झाले.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन दारं सोडून. कॉफीचं दुकान उघडल्या दिवसापासून रोज सकाळी एक मॅकियाटो, हे वहिनीचं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक. आता ते समोरच्या फुटपाथवरून, मान खाली घालून, चोरासारखे जाऊ लागले. वहिनीचा पारा चढला. "आई, पुरे झालं. काका परत आले तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी मुलगी ठेवते."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा ती खिडकी, पुन्हा ते रस्त्यावरचे लोक. तिने अंगावरचा एप्रनही काढला नाही, तशीच तरातरा निघाली. मी मागोमाग. तिला पाहताच काका काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकले. आत्या उभीच राहिली. शेवटी पाठ अवघडली असावी, कारण ते डोळ्याच्या भिंगासकट वर आले.

"काय कमी पडलं आमच्याकडे?" आत्याने विचारलं.

"कमी काहीच नाही हो, ताई. जास्तच झालं." काकांनी भिंग काढून पुसलं. "मला दूध सोसत नाही. चमचाभर फेस चालतो, पण कपभर दूध प्यायलं की दुपारपर्यंत कामाला हात लावता येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मायेने भरत होता! कसं बोलणार?"

"म्हणून गुपचूप पोट बिघडवून घेतलंत? एवढे मोठे झालात, स्वतःच्या पोटाचं कळत नाही?" आत्याने त्यांना वॉर्डातल्या पेशंटसारखं फैलावर घेतलं.

काका ओशाळून हसले. "खरं सांगू? पोटाचं जाऊ द्या. कॉफी प्रत्येक कपात तेवढीच असते, ताई. तुम्ही दूध ओतत जाता तशी ती लागेनाशी होते. मला सकाळी तेवढा एक कडक घोट हवा असतो, आणि तोच सापडत नव्हता."

परत येताना आत्या दारापाशी थांबली. "म्हणजे मी त्यांना जास्त देत नव्हते रे. त्यांच्या हक्काचं होतं तेच काढून घेत होते." तिला मनापासून लाज वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. वहिनी पाय स्टुलावर ठेवून बघत बसली होती. मी काउंटरच्या आत, उगाच. आत्याने लहान कप घेतला, एस्प्रेसो काढला, फेसाचा एक चमचा वर ठेवला. कप निम्मा रिकामा. तिचा डावा हात दुधाच्या भांड्याकडे निघाला. तो तिने उजव्या हाताने धरला, आणि भांडं उचलून माझ्याकडे दिलं.

"हे धर. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"अगं आत्या..."

"शिव्या घातल्या तरी देऊ नकोस!"

तोंड दुसरीकडे फिरवून तिने कप पुढे सरकवला. हात आखडता घेणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. काकांनी दोन घोटांत कप संपवला, डोळे मिटून क्षणभर बसले आणि रिकामा कप परत पुढे केला.

"आणखी एक द्या, ताई."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि नाक ओढत यंत्राकडे वळली. दुसरा मॅकियाटोही तसाच झाला, निम्म्या कपाचा. मागोमाग एकाने फ्लॅट व्हाइट मागितला, त्याला फ्लॅट व्हाइट मिळाला. कॅपुचिनोवाल्या बाईंना खराखुरा कॅपुचिनो मिळाला, तेव्हा त्यांनी "हे काहीतरी वेगळंच दिलंत" अशी तक्रार केली. त्यांना आत्याने फेसाचं महत्त्व समजावून सांगितलं. फसवणुकीचा उल्लेख टाळला.

गर्दी ओसरल्यावर वहिनी म्हणाली, "आई, उद्यापासून मी जरा उशिरा आले तर चालेल ना?"

"उशिरा कशाला?" आत्या कप विसळता विसळता म्हणाली. "तू येऊच नकोस."

वहिनी पोट धरून हसायला लागली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. सासूने येऊ नकोस म्हटल्यावर एवढी खूश झालेली सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही.