अर्ध्या मिनिटाने मागे

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे, आणि गाडीतली सगळ्यात झिजलेली वस्तू तीच. त्यांच्या हाताखाली शिकणारा माणूस दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारा होतो. पण टीव्हीवर मोटारींची आंतरराष्ट्रीय शर्यत लागली, की हेच गृहस्थ तीनशेच्या वेगाने जाणाऱ्याला "रेंगाळतोय नुसता" म्हणतात. म्हणताना उजवा पाय मात्र प्रत्येक वळणावर जमिनीत रुततो. खालची फरशी हलायला लागली तेव्हा ताईने तिथे पायपुसणं टाकलं.

यंदा त्यांनी डिश काढून ॲप घेतलं. ॲपवर म्हणे चालकाच्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यातून रस्ता दिसतो, टायर बदलणाऱ्यांचं बोलणंसुद्धा ऐकू येतं. सगळं झकास, फक्त चित्र डिशपेक्षा अर्धा मिनिट उशिरा येतं. आणि भिंतीपलीकडे राहतात चष्म्याचे दुकानदार, त्यांच्याकडे अजून डिशच. इकडे गाडी वळणाला लागायच्या आत तिकडून आरोळी यायची, "गेला, गेला, पुढे गेला." मग भावोजींनी तो पुढे जाताना निमूटपणे बघायचा. जन्मभर लोकांना "सावकाश, सावकाश" सांगणारा माणूस अर्ध्या मिनिटासाठी कासावीस झाला.

"जरा पुढे घे ना," ते लेकीला म्हणाले.

"बाबा, जे अजून आलंच नाही ते पुढे कसं घेऊ?"

"मग हे घेतलं कशाला?"

"तुम्हीच घेतलंत."

चष्मेवाल्यांना आवाज कमी करा म्हणायची सोय नव्हती. ते भावोजींचेच जुने विद्यार्थी. महिनाभर मैदानातच गोल गोल फिरवल्यावर ते दुसऱ्या स्कूलमध्ये गेले आणि चार दिवसांत गाडी रस्त्यावर घेऊन आले. तेव्हापासून अबोला.

हंगामाची शेवटची शर्यत आली. दोघा चालकांत जो पुढे राहील, तो वर्षाचा विजेता. तो निकाल भिंतीने सांगावा, हे भावोजींना सोसणार नव्हतं. कानात कापूस घालून पाहिला, तर समालोचनही गेलं.

"अहो, जा की त्यांच्याकडेच," ताई म्हणाली. "तुम्हाला काही गाडी शिकवायला बसवणार नाहीत."

शेवटी गेले. चष्मेवाल्यांनी दार पूर्ण उघडलं. "या सर. सावकाश या, घाई नाही."

भावोजींनी तो टोमणा गिळला आणि सोफ्यावर बसले. पहिल्या दहा फेऱ्या कोणी कोणाशी बोललं नाही. पुढे टायरांवरून वाद झाला, त्यानंतर चहा. शेवटच्या फेरीला दोघंही सोफ्याच्या कडेवर आले होते. शेवटचं वळण, दोन्ही गाड्या चाकाला चाक लावून, आणि भावोजींनी सगळा जीव उजव्या पायात आणून ब्रेक दाबला. इथे पायपुसणं नव्हतं. इथे एक्स्टेन्शन बोर्ड होता.

टीव्ही काळा झाला.

"सर," चष्मेवाले अगदी शांतपणे म्हणाले, "हा परत लागायला दोन मिनिटं घेतो."

 भावोजी एकदम उठले. "चला. आमच्याकडे अजून व्हायचंय."

आणि ते धावले. चपलाही न घालता, पुढे ते आणि मागे चष्मेवाले.

आत ताई भावोजींच्या खुर्चीत बसली होती. उजवा पाय पायपुसण्यावर, टाच घट्ट रोवलेली. पडद्यावर दोन्ही गाड्या शेवटच्या वळणाकडे येत होत्या.

"आलात ते आलात," ती मागे न बघता म्हणाली. "पण कोण जिंकलं ते मला सांगू नका."