पालखी मास्तरांच्या दारात

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण देवीच्या मुखवट्याचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही. नवी मुंबईत शिरवण्याच्या बाजूला एक जुनं गाव आहे, चहूकडे टॉवर आणि मधे देऊळ. तिथल्या पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो.

जत्रेला चार दिवस असताना निनावी फोन आला. "सायेब, देवीचा चांदीचा मुखवटा गेलाय. कौल लावला, तो मास्तरांच्या नावावर लागला. आता पालखी त्यांच्या दाराशी थांबनार नाय, त्यांच्याशी कोनी बोलनार नाय." म्हणजे वाळीत टाकणं. कायद्याने हा गुन्हा. लगेच गाडी काढली.

कौल म्हणजे देवीला फुलं चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवीकडचं फूल पडलं की होकार. मास्तर म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. देव मानत नाहीत, आणि या कौलाविरुद्ध गावकीच्या बैठकीत उभं राहून बोलायचे. संशयाला तेवढं पुरे झालं. खरं सांगतो, मी स्वतः श्रद्धाळू माणूस, मलाही राग आलाच होता. जबाब घेताना फटकारलं, "देवच मानत नाही, तर मुखवट्याची काय पत्रास तुम्हाला!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, मला पटत नाही ते मी सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. लपून देवळात हात घालायचा असता, तर उघड बोललोच कशाला असतो? माझी बायको दर वर्षी दारात देवीची ओटी भरते. माझं काय करायचं ते करा, तिची ओटी अडवू देऊ नका."

मी ते जबाबात लिहून घेतलं. मग त्यांनीच विचारलं, "जत्रेआधी मुखवटा चिंचेने घासायला पुजारी घरी नेतो. परत ठेवला म्हणतो, पण ठेवताना कोणी पाहिलं का? त्याच्या सुनेला याच आठवड्यात मुलगी झालीय. सोयर असताना तो देवाच्या वस्तूला हात लावत नाही."

अरे! बाळ झाल्याचं गावभर ठाऊक होतं, पण एकदा कौल लागल्यावर पुढे विचार करायचं कोणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

पुजाऱ्याला बोलावून आधी चहा दिला. भेदरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी मिटतो, हा माझा अनुभव. दोन घोट घेतले आणि तो रडायलाच लागला. "घासाया नेला, आन् त्याच दिशी नात झाली. आता हात कसा लावू? माज्यामुले जत्रा मोडली असती, सायेब. म्हनून ठेवला बोललो." मुखवटा त्याच्या घरी तांदळाच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेला सापडला. पंचनामा केला.

गावकीचे प्रमुख ठाण्यात मान खाली घालून बसले. मास्तर म्हणाले, "माझी तक्रार नाही. फक्त यापुढे माणसावर कौल लावू नका. आणि मुखवटा तुमच्या रीतीने शुद्ध करून घ्या, जत्रा मोडू नका."

"मास्तर, तुमी तर हे मानीत नाय ना?"

"मी नाही मानत. तुम्ही मानता ना?"

बहिष्कार अजून अमलात आला नव्हता. यापुढे कोणाला वाळीत टाकणार नाही, असं गावकीकडून लेखी घेतलं आणि कडक समज दिली.

देव न मानणारा माणूस गावाला तोडतो, असं मला तोवर वाटायचं. पण गावाची रीत त्या दिवशी एकट्या मास्तरांनी नीट लक्षात ठेवली होती. मानलं त्या माणसाला!

जत्रेच्या बंदोबस्ताला मी स्वतः उभा राहिलो. पालखी मास्तरांच्या दारात थांबली, त्यांच्या बायकोने ओटी भरली. मी हात जोडले. मास्तरांनी जोडले नाहीत; त्यांच्या हातात बायकोच्या ओटीचं ताट होतं.