धुतलेलं इंजिन

घड्याळजींच्या घरात गाडीला ‘थोरली’ म्हणत. चौथ्या मालकाकडे आलेली, दारं खुळखुळणारी, पांढऱ्याची पिवळट झालेली. पण मान थोरलीचा. तिच्या दाराच्या हँडलची स्प्रिंग त्यांनी भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळातून काढून बसवली होती. वायपरची मोटर तर आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवरच खोलून चालू केली होती. गॅरेजची पायरी चढायची ती अगदी हात टेकल्यावरच, परवडायचंच नाही. बायको नर्स. ती म्हणायची, “माझ्यापेक्षा तिचीच नाडी जास्त बघता.”

पण थोरलीची गरज होती ती बायकोलाच. तिची बदली शहराबाहेरच्या रुग्णालयात झाली होती आणि पहाटेच्या पाळीला तिकडे बस जात नव्हती. गाडी होती म्हणून ती रोज घरी येत होती. नाहीतर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि सुट्टीपुरतं घरी यायचं. मेट्रन विचारतच होत्या, खोली घेतेस की दुसरीला देऊ? ती आज-उद्या करत होती. घरात माणसं दोनच. एक गेलं की दुसरं एकटं.

अशात सकाळी इंजिन टकटक करू लागलं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने कान देऊन ऐकलं. वय झालंय तिचं, वाजू द्या, तेल वेळेवर बदला आणि बाकी कशाला हात लावू नका, असं त्याचं म्हणणं पडलं. घड्याळजींना ते पटेना. जुन्या तेलावर नवं तेल घालायचं नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. घड्याळ उघडायचं, चाकन्‌चाक सुटं करायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं, मगच नवा थेंब. जुनं तेल घट्ट झालं की घड्याळ मागे पडतं. गाडीचं तरी वेगळं काय असणार?

स्पेअर पार्टच्या दुकानात इंजिन आतून धुवायचं औषध मिळालं. बाटलीवर लिहिलं होतं त्याहून जास्त वेळ त्यांनी इंजिन चालू ठेवलं. धुवायचं तर नीट धुवायचं. मग खालचं बूच काढलं. डांबरासारखं काळं तेल निघालं. नवं भरल्यावर टकटक निम्मी झाली. त्या दिवशी ते गिऱ्हाइकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलले.

त्याच आठवड्यात, बायकोला सोडायला जाताना, तेलाचा लाल दिवा लागला. घड्याळजींनी गाडी बाजूला घेतली, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेपर्यंत भरलेलं. दिव्याची वायर सैल झाली असणार, असं म्हणत त्यांनी गाडी पुढे काढली; पाळीची वेळ गाठायची होती. चढावर आतून हातोडा बसल्यासारखा आवाज आला आणि इंजिन आवळून बंद पडलं. बायको दुधाच्या टेम्पोत बसून पुढे गेली.

मिस्त्रीने गाडी दोराने ओढून आणली, खालून उघडली आणि तेल ओढणारी जाळी त्यांच्या हातात दिली. गाळाने लिंपल्यासारखी बुजली होती. वर्षानुवर्षं आतल्या भिंतींना चिकटलेला गाळ औषधाने सुटला होता आणि खाली येऊन इथे बसला होता. तेल भरपूर होतं, वर चढत नव्हतं.

“भाऊ, घाण होती, पण जागेवर होती,” मिस्त्री म्हणाला.

आता या गाडीच्या इंजिनावर खर्च करावा असं तो सुचवेचना. घड्याळजी जाळी घेऊन घरी आले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं समजावून सांगितलं, जाळीसकट. युनिफॉर्म न बदलता तिने ऐकून घेतलं. “चांगल्यासाठीच केलंत तुम्ही,” ती म्हणाली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं त्यांना झालं. मग तिने मेट्रनना फोन लावला. बोलणं लांबलं नाही. खोली अजून रिकामी होती.

घड्याळजी स्टुलावर चढले आणि माळ्यावरची मोठी बॅग काढू लागले.

“एवढी कशाला? लहान पुरे,” ती म्हणाली.

त्यांनी मोठी आत ढकलली, लहान खाली दिली. तिने ती उघडली, कपड्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि बंद केली.

“अहो, राहू दे. मोठीच द्या.”