मिसेस टॉलिव्हर आणि सातवं कलम

मिसेस टॉलिव्हर यांना हस्तांदोलनासाठी दिलेला हात लवकर परत मिळत नसे. तो तसाच धरून त्या समोरच्याला विचारत, "तुला इथे कुणी पाठवलं?" आवाजात राग नसायचा, पण उत्तर पटेपर्यंत हात सुटायचा नाही. पहिल्या दिवशी माझा हात चांगली पाच मिनिटं त्यांच्या ताब्यात होता.

मला पाठवलं होतं मेश्रामकाकांनी. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी नागपूरहून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला संख्याशास्त्र शिकायला आले होते. काका जवळच्याच एका मोटार कंपनीत इंजिनिअर. महिन्यातून एका रविवारी त्यांच्या घरी आम्हा बौद्ध कुटुंबांची वंदना व्हायची आणि नंतर जेवण. तिथे काका म्हणाले, "अगं, इथल्या ब्लॅक लोकांचं आणि आफ्रिकेतून आलेल्यांचं मिळून एक मंडळ होतंय. घटना लिहिताहेत, त्यांना टायपिंगला व्हॉलंटियर पाहिजे. तू तर दिवसभर कॉम्प्युटर लॅबमध्येच असते. जाऊन बघ ना यार, संघटना कशी बांधतात ते तरी शिकशील."

हे सगळं मी मिसेस टॉलिव्हरना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि या काकांना कुणी पाठवलं?"

बाई इथल्याच ब्लॅक समाजातल्या, सत्तरीच्या. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्यावर कायम लोकरी टोपी. अर्धं आयुष्य त्यांनी गाड्यांचे सीटबेल्ट तपासण्याच्या कामात घालवलं होतं. समोरून पट्टा आला की जोरात हिसका द्यायचा, टिकला तर पुढे पाठवायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी माणसांना हिसके द्यायला सुरुवात केली असावी. पाद्री फार गोड बोलतो म्हणून त्याच्यावर त्यांचा संशय होता, विद्यापीठातले प्राध्यापक लांबलचक बोलतात म्हणून त्यांच्यावर, आणि फारसं न बोलणाऱ्यांवर तर जास्तच. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय यायचा. ही बाई मंडळ बांधायला आली आहे की मोडायला, हे पहिले दोन महिने मला कळत नव्हतं.

तसं मंडळाच्या सभा व्हायच्या त्या तळघरातल्या सभागृहात एकमेकांवर विश्वास असा कुणाचाच नव्हता. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांना वाटे, आफ्रिकेतून शिकायला आलेली ही पोरं आपल्याला कमी लेखतात. पोरांना वाटे, या लोकांना आफ्रिका फक्त भिंतीवर लावायला हवी आहे, आमची कटकट नको आहे. दोन्हीकडचे पुरुष एका बाबतीत मात्र एकदिलाने वागत. भाषणं ते करत, बायकांना जेवणाचं बघायला सांगत आणि विद्यार्थ्यांना खुर्च्या मांडायला.

मिसेस टॉलिव्हरनी एका शनिवारी सभेच्या आधी येऊन स्वयंपाकघराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बायका भांडी घेऊन दाराशी उभ्या. मंडळाचे अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "मिसेस टॉलिव्हर, पाहुणे उपाशी राहतील." त्या म्हणाल्या, "राहू देत. बाया चुलीपाशी आणि पोरं खुर्च्यांपाशी, हे तर आपण वेगवेगळे होतो तेव्हाही चाललंच होतं. त्यासाठी एकत्र कशाला यायचं?" त्या दिवशी सगळ्या बायका सभागृहात बसल्या आणि चार प्राध्यापक गारठ्यात सँडविच आणायला गेले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. माझी आई आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची तीस वर्षं कर्तीधर्ती होती. जयंतीच्या पत्रिकेत तिचं नाव कायम शेवटच्या ओळीत, तेही वडिलांच्या नावामागे 'सौ.' लावून.

त्या कुलपानंतर तीन महिने भांडण चाललं आणि त्यातून घटनेचं सातवं कलम निघालं. कार्यकारिणीच्या बारा जागांपैकी चार बायकांना आणि दोन तरुणांना, मताच्या अधिकारासकट. निम्मं मंडळ! मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या, "आता हे जिवंत राहतं का बघू."

अंतिम मसुदा टाइप करायला माझ्याकडे आला. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. ते घानाहून आलेले प्राध्यापक, आवाज असा की ऐकत राहावं. "मुली, सातव्या कलमात एवढी एक दुरुस्ती कर. सहा जागांऐवजी महिला आणि युवकांची सल्लागार समिती. मताचा उल्लेख नको. मिसेस टॉलिव्हरशी माझं बोलणं झालं आहे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईंना एक फोन करावा असं वाटलंही. पण दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, आणि एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल, असं मी स्वतःला समजावलं. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे आपल्या अंगात किती मुरलेलं असतं! मी कलम बदललं. छापलेली प्रत आणि फ्लॉपी एफुआकडे दिली, कारण झेरॉक्स काढायचं काम तिच्याकडे होतं. एफुआ विशीतली, घानाचीच, अध्यक्षांच्या घरात वरच्या खोलीत राहायची. विद्यार्थ्यांनी तिला एकमुखाने प्रतिनिधी निवडलं होतं. मिसेस टॉलिव्हर मात्र म्हणत, "पोरगी हुशार आहे. पण जेवते कुणाच्या टेबलावर ते विसरू नका."

सभेच्या दिवशी बर्फ पडत होतं. कागद कुठलाही असो, तो खोलीतल्या सर्वांत लहान माणसाने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मंजूर करायचा नाही, असा मिसेस टॉलिव्हरचा दंडक होता. एफुआ वाचायला उभी राहिली. सातव्या कलमापाशी ती अडखळली. तिने ते पुन्हा वाचलं आणि गोंधळून वर पाहिलं.

मिसेस टॉलिव्हर उठल्या. "तीन दिवस कागद तुझ्याकडे होते. फ्लॉपीही तुझ्याकडे. कुणाच्या घरात बसून बदललंस?"

"मी काही बदललं नाही."

"तुझ्या घरमालकांना विचारून सांग."

एफुआचा चेहरा एकदम उतरला. मग ती इतक्या हळू बोलली की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "तुम्हाला मनातून हेच वाटत होतं ना? तेव्हाही आम्हीच विकलं आणि आताही आम्हीच विकणार."

आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकून जहाजात कुणी चढवलं, हा प्रश्न त्या खोलीत पहिल्या दिवसापासून होता. तो उघडपणे कुणी काढला नव्हता, एवढंच. एफुआने कागद टेबलावर ठेवले आणि कोट उचलला. तिच्यामागे एकेक करून सगळे विद्यार्थी उठले. अध्यक्ष टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

मी मूग गिळून बसले होते. बोलले तर सगळ्यांसमोर शोभा, नाही बोलले तर कुणाला कधी कळणारही नाही. मिशिगनच्या थंडीचे माझ्यावर उपकार आहेत. कोट, मफलर, टोपी, हातमोजे हे सगळं चढवल्याशिवाय तिथे कुणाला रागाने निघूनसुद्धा जाता येत नाही. एफुआचा एक हातमोजा घालून झाला तेव्हा कुठे मी उभी राहिले.

"ते मी टाइप केलं. एफुआने नाही."

अध्यक्ष लगेच हसले. "टायपिंगची चूक. होतं असं."

"चूक नाही, सर. तुमचा फोन आला होता."

त्यांनी 'मी फक्त सुचवलं होतं' अशी काहीतरी सुरुवात केली, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मिसेस टॉलिव्हर टेबलाला वळसा घालून एफुआसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला नाही.

"मी तुला खोटं ठरवलं," त्या म्हणाल्या. "पुरावा नव्हता. तू कुठे राहतेस एवढ्यावरून ठरवलं. या देशात लोकांनी माझं सगळं आयुष्य असंच ठरवलं आहे. मला कळायला हवं होतं. माझं चुकलं."

एफुआ विरघळली वगैरे नाही. एक हात मोज्यात, एक उघडा, अशी ती उभी राहिली. "मी थांबते. तुमच्यासाठी नाही, सातव्या कलमासाठी."

"ठीक आहे," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या.

कलम मूळ शब्दांत मंजूर झालं. शेवटचा हात अध्यक्षांचा वर गेला.

मला मिसेस टॉलिव्हरनी आपल्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत म्हणाल्या, "फोन त्यांनी केला, ते त्यांच्या पदरी. तू मला फोन केला नाहीस, ते तुझ्या." मी रडू लागले. त्यांनी समजूत घातली नाही. "खोलीतल्या प्रत्येकाचा मला संशय आला. तुझा नाही आला. का, सांगू? तुझं इथे काही पणाला लागलं आहे असं मी कधी धरलंच नव्हतं." ते वाक्य मला शिव्यांपेक्षा लागलं. मी विचारलं, "आणि आता?" त्या म्हणाल्या, "आता तुझ्यावरही नजर ठेवीन." मान खाली घालून बसले होते, तरी इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुढे मला दूर दुसऱ्या राज्यात, पिस्कॅटवेला नोकरी लागली. एफुआ कार्यकारिणीवर गेली आणि दर सभेत मिसेस टॉलिव्हरशी कशावरून तरी वाद घालत राहिली. दोघींचं गोडीगुलाबीचं कधी जमलंच नाही. दोन वर्षांनी एफुआचा फोन आला की बाई गेल्या, शनिवारी चर्चमध्ये शेवटचा निरोप आहे. मी गेले नाही. नोकरी नवी होती, रजा मागायची भीती वाटली. पुन्हा तेच, मोठ्या माणसाला विचारायचं कसं! त्याची खंत मला अजून आहे.

एफुआने मग सगळं सांगितलं. चर्चमध्ये पुढची रांग घरच्यांसाठी राखलेली होती. ही मागे बसायला निघाली, तर मिसेस टॉलिव्हरच्या बहिणीने तिचा दंड धरून पुढे नेलं. तिथल्या स्वयंसेवकाने अडवलं आणि विचारलं, ही नात्याने कोण? म्हातारी बहीण खेकसली, "घरची आहे. आमच्या व्हर्नाने जन्मात एकाच माणसाची माफी मागितली, ती हिची. सरक, बसू दे तिला."