तालमीच्या फळ्यावरचा प्रश्न

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज सकाळी एक प्रश्न टाकतो. आजच्या तारखेला इतिहासात काय घडलं? कुठला तह, कुठली लढाई, कुठल्या राजाचं लग्न. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं येतात, बस्स. बायको म्हणते, "आजच्या तारखेला गॅस संपला, हे लिवा इतिहासात."

मग मी जरा मोठा वाचकवर्ग शोधला. गल्लीच्या कोपऱ्यावरचा तालमीचा फळा. हा फळा एकाच कामाचा. गल्लीत कुणी गेलं की तालमीतलं कुणीतरी खडूनं लिहितं, कोण गेलं आणि माती कधी. एरवी कोराच. एवढी मोक्याची जागा कुणाच्या तरी मरणाची वाट बघत रिकामी पडलेली मला बघवेना.

दूध आणायला गेलो तेव्हा ठळक अक्षरांत लिहिलं, 'आजच्या दिवशी आपल्या मातीतला थोर पैलवान हरपला.' खाली, 'ओळखा पाहू कोण?' अक्षर बरं आलंय असं स्वतःलाच सांगत घरी आलो आणि अंघोळीला बसलो.

डोक्याला साबण लावला आणि बाहेर आरडाओरडा झाला. शेजारचा पोरगा कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आला होता. गाडी चालू ठेवूनच ओरडत होता, "आबा, थोरलं तात्या गेलं की! फळ्यावर लिवलंय!"

तात्या म्हणजे माझे चुलते. गल्लीतले एकमेव नावाजलेले पैलवान. परवाच छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेऊन आणलेले. माझ्या हातातला तांब्या गळून पडला. खोटं कशाला सांगू, मला हुंदका फुटला. फळ्यावर लिहिलंय म्हटल्यावर शंका घ्यायची कुणी? फळा कधी खोटं बोलला नव्हता.

पण मला तात्यांपेक्षा आबांची धास्ती. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि तात्या सख्खे भाऊ, चार घरं सोडून राहणारे. गोठ्याच्या जागेवरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. माझ्या लग्नातसुद्धा दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसले होते. परवा तात्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा आबा दारातच बसून राहिले. दोनदा उठले, दोनदा बसले. गेले नाहीत.

आता मात्र ते धावत सुटले. अनवाणी. गुडघेदुखीनं जिना न चढणारा माणूस धावतोय, आणि मागून मी, टॉवेल गुंडाळलेला, कानात फेस. कोपऱ्यावर फळ्यापुढं ही गर्दी. एका रिक्षानं फळ्याचा खालचा भाग झाकला होता. वरची ओळ मी वाचली. अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच होतं.

"आबा, थांबा! तो प्रश्न हाय!"

कोण थांबतंय! ते तात्यांच्या दारात पोचले होते. दारात हार घेतलेले दोघं उभे, आणि त्यांच्यापुढं तोंडात मिश्रीचं बोट घातलेले तात्या. जिवंत, आणि भलतेच चिडलेले.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "दादा, तू... न्हाय गेलास व्हय?"

तात्यांनी चूळ भरली. "मेल्यावर येणार हुतास व्हय रं? परवा दार दिसंना झालंतं तुला?"

आबा वळले आणि चालू लागले. झालं, मी मनात म्हटलं, आता आठवड्याभरात दुसऱ्या कुणाचं तरी नाव फळ्यावर लागणार, बहुतेक माझंच. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ए! अनवाणी कुठं निघालास? काचा पडल्यात रस्त्यावर. माझं पायताण घाल."

आबा थांबले. मान खाली घालून पायताण चढवलं. दोन बोटं मोठं होतं. ते फटक फटक वाजवत घरी आले, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तालमीनं माझा खडू जप्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पायताण पुसून पिशवीत घातलं. "देऊन येतो," म्हणाले.

जेवणाच्या वेळेला आले. पिशवी रिकामी, घडी घालून काखेत. आणि तात्यांचं पायताण पायात.