अकरा, बारा, तेरा, चौदा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याहून जळगावला आले. पिंप्राळ्यात एक खोली भाड्याने घेतली आणि गावाबाहेरच्या विद्यापीठात संगणक कक्ष सांभाळायच्या नोकरीला लागले. कक्ष म्हणजे एक लांबट खोली, पाच संगणक आणि एक प्रिंटर. दाराबाहेर चपलांची ही मोठी रांग. चपला काढायचा नियम धुळीपायी होता, पण लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला होता. एक वयस्कर प्राध्यापक तर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवूनच आत यायचे. मला हसू यायचं, पण त्यांच्यासमोर हसायची टाप नव्हती.

सगळ्यांना खरं कुतूहल होतं ते प्रिंटरचं. पडद्यावरची हिरवी अक्षरं पाहून माणसं मान डोलवायची, बस. पण दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच लांब कागद कर्रर्र कर्रर्र करत वर सरकू लागला, की हातातलं काम टाकून लोक जमायचे. छपाईचं डोकं डावीकडून उजवीकडे धावतं, मग उजवीकडून डावीकडे येतानाही छापतं, हे पाहून एका कारकुनाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, तो उलटं कसं काय लिहितो हो?" मलाही ते नीट माहीत नव्हतं. त्या दिवशी प्रिंटरचं झाकण काढून, पुस्तक मांडीवर घेऊन मी दुपारभर बसले. संध्याकाळी कळलं, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

कागदाची उधळपट्टी थांबवणं हे माझं मुख्य काम. कुणी स्वतःचं नाव फुल्याफुल्यांनी काढलेल्या मोठ्या अक्षरांत छापून मागायचं, कुणी गणपतीचं चित्र. एका साहेबांना तर सत्यनारायणाचं निमंत्रण हवं होतं. मी एक रजिस्टर ठेवलं. तारीख, पानं, सही आणि शेवटचा रकाना 'कशासाठी?' असा. हा रकाना भरताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. सत्यनारायणवाले साहेब माझ्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मनातून मी चांगलीच फुशारले होते. दुसऱ्याच्या एकेका पानाचा जाब विचारणारी मी, प्रोग्राम तपासायला मी स्वतः छापलेल्या चाचणीच्या कागदांचं पुढे काय होतं ते मात्र कधी पाहत नव्हते.

ते पाहायचे नाना. नाना म्हणजे आमच्या कक्षाचे शिपाई. साठीला टेकलेले, एरंडोलच्या अलीकडच्या एका खेड्यातले. रोज एसटीने येऊन-जाऊन करायचे. कागदाला पाय लागला तर खाली वाकून नमस्कार करणारा माणूस. कागद फाडणं हे तर त्यांच्या लेखी पापच होतं. एकदा त्यांनी मला चाचणीचे कागद चुरगळून टोपलीत टाकताना पाहिलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"ताई, मांगनी बाजू कोरी शे," ते म्हणाले. "आमना गावनी शाळाना पोरे यानावर लिखतीन. मी लई जाऊ का?"

मला ते फार आवडलं. वाया जाणारा कागद खेड्यातल्या शाळेत जाणार, याहून चांगलं काय? मी म्हटलं, "न्या की नाना, सगळेच न्या." तेव्हापासून दर शुक्रवारी नाना कागदांच्या घड्या पिशवीत घालून घरी नेऊ लागले.

त्या वर्षी बी.एस्सी. पहिल्या वर्षाचा निकाल पहिल्यांदाच संगणकावर करायचा होता आणि त्याचा प्रोग्राम मी लिहिला होता. तो चालतो का हे बघायला नावं हवी होती. टेबलावर परीक्षेच्या अर्जांचे गठ्ठे होते. वरचाच गठ्ठा घेतला, त्यातली पहिली दहा नावं टाकली. आता गुण हवेत. नापासाचा नियम लागतो का ते पाहायचं होतं, म्हणून कमी गुण हवेत. डोकं कोण चालवतंय! मी दहाही जणांना भौतिकशास्त्रात अकरा, रसायनशास्त्रात बारा, गणितात तेरा आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये चौदा देऊन टाकले. कागद कर्रर्र करत वर आला. दहा नावं आणि प्रत्येकापुढे इंग्रजीत ठसठशीत 'फेल'. प्रोग्राम अगदी बरोबर चालला होता. मी खूश होऊन चहाला गेले. जून सुरू होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.

सोमवारी नाना आले ते गप्प गप्प. पुसायचं फडकं हातात तसंच धरून ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"ताई, निकाल लागी गया का?"

"कुठला निकाल? अजून गुण भरायलाही घेतले नाहीत."

"मंग आमना गावनी पोर नापास कशी व्हयनी?"

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कुतूहलच. जो निकाल अजून माझ्या मशीनलाच माहीत नाही, तो यांच्या गावाला कसा कळला? मग नानांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. एका बाजूला कुणाच्या तरी बाळबोध अक्षरातला सातचा पाढा. मी कागद उलटला. अकरा, बारा, तेरा, चौदा.

झालं होतं ते असं. शाळेच्या गुरुजींनी कागद मुलांना वाटले. पाढे तपासताना त्यांनी सहज पान उलटलं, तर समोर त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीचं नाव. गावातून सायन्सला गेलेली पहिली मुलगी. रोज एसटीने एरंडोलच्या कॉलेजात जाणारी. गुरुजी बिचारे जड पावलांनी कागद घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी तिला कॉलेजात घालताना याच गुरुजींसमोर एक अट घातली होती, की नापास झालीस त्या दिवशी शिक्षण बंद. शब्द म्हणजे शब्द. शनिवारी संध्याकाळीच तिची पुस्तकं गोणीत बांधून माळ्यावर गेली आणि रविवारी ती कपाशी लावायला शेतात.

मी नानांवर भडकले. "अहो, वर नावं आहेत हे दिसलं नाही तुम्हाला?" त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि "सगळेच न्या" हे माझेच शब्द होते. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी लगेच अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर एसटीत बसले.

धुळ्याला जाता-येताना ते गाव मी किती वेळा खिडकीतून पाहिलं होतं, पण उतरले त्या दिवशी पहिल्यांदा. मुलीचे वडील ओट्यावर बसले होते. मी सगळं समजावलं. हा निकाल नाही, चाचणी आहे, गुण मी मनाने टाकले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही आमनं मन राखाकरता सांगी राहिनात."

"अहो भाऊ, खरंच सांगते, कागद खोटा आहे."

"मानूस चुकस ताई. मशीन चुकस का कधी?"

एवढ्यात ती शेतातून आली. हाताला चिखल, डोक्याला रुमाल. मी तिलाच विचारलं, "तू पेपर कसे लिहिले होतेस?"

"चांगले लिहिले होते, मॅडम."

"मग गणितात तेरा मार्क पडतील असं तुला वाटलं?"

"नाही वाटलं. पण कॉम्प्युटरने दिलेत ना."

परतीच्या गाडीत हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हाताने लिहिलेला कागद असता, तर या पोरीने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. अकरा, बारा, तेरा, चौदा हे गुण ओळीने पडलेले पाहून एकाही माणसाला शंका आली नव्हती. गुरुजींना नाही, वडिलांना नाही आणि जिने रात्रीचा दिवस करून अभ्यास केला तिलाही नाही. छापलेल्या अक्षरात असं काय असतं? मी त्या मशीनचं झाकण काढून आतला तारेचा तुकडा न् तुकडा पाहिला होता, पण हे मला तिथे कुठे दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. या वेळी तीनच नावं टाकली. पहिलं माझं. अकरा, बारा, तेरा, चौदा, फेल. दुसरं नानांचं आणि तिसरं त्या मुलीच्या वडिलांचं. दोघांनाही सगळ्या विषयांत शंभरपैकी शंभर दिले. रजिस्टरमध्ये पानांच्या रकान्यात 'एक' लिहिलं, सही केली आणि 'कशासाठी?' या रकान्यात लिहिलं, 'माफीसाठी'.

तो कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. मुलीने तो वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनी तो हातात घेतला, आपल्या नावावर बोट ठेवलं, मग शंभरावर.

"माले फिजिक्समा शंभर? मी तं चवथीमाच शाळा सोडी दिधी."

"आणि मी नापास आहे, बघा," मी म्हटलं. "मशीनला काहीच कळत नाही भाऊ. मी जे सांगते ते छापतं."

ते एकदम हसायला लागले, इतके की घरातून बायका बाहेर आल्या. "नाना, तू बी पयला नंबरले शे रे!" असं म्हणून त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. गोणी त्याच दुपारी माळ्यावरून खाली आली. निघताना मी मुलीला एकच गोष्ट सांगितली. खरा निकाल येण्याआधी, आपल्याला कशात किती पडतील ते एका चिठ्ठीवर लिहून ठेव.

आमच्याकडे त्या दिवसापासून दोन बदल झाले. खऱ्या नावांवर चाचणी करणं मी बंद केलं. आणि नानांनी कागद फाडायला सुरुवात केली. पण फाडायचे तेही आपल्या पद्धतीने. लाकडी पट्टी नावांच्या रकान्याशी लावायची, तेवढीच पट्टी अलगद फाडून तिचे बारीक तुकडे करायचे. उरलेला कागद मुलांना. फाडण्याआधी मात्र ते कागद कपाळाला लावायचे.

जुलैत खरा निकाल लागला. कागद फलकावर चिकटवले आणि आवारात ही गर्दी झाली. दुपारी ती मुलगी वडिलांना घेऊन कक्षाच्या दारात आली. दोघांनी चपला काढल्या. वडिलांचा चेहरा पाहूनच मला कळलं. तिच्या नावापुढे पुन्हा तेच छापलं होतं, फेल. बाकी तीन विषयांत चांगले गुण, गणितात सोळा. या वेळी चाचणी नव्हती. हा निकाल जाहीर झाला होता आणि त्याची एकेक ओळ मी तपासली होती, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

ती रडत नव्हती. तिने वहीतून चिठ्ठी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. भौतिक पंचावन्न, रसायन पन्नास, गणित साठ, इलेक्ट्रॉनिक्स अठ्ठावन्न. तीन आकडे छापील गुणांच्या अगदी जवळचे होते.

"हे चुकलंय, मॅडम," ती म्हणाली. "तपासा."

मी कपाटातून परीक्षकांची हाताने लिहिलेली गुणांची यादी काढली. निळ्या शाईत, तिच्या क्रमांकापुढे स्वच्छ लिहिलं होतं, एकसष्ट. मी सोळा टाइप केले होते. आकडे उलटे पडले होते आणि मशीनने ते मुकाट्याने छापले होते. मी उठून त्या दोघांसमोर हात जोडले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "चुकस माय, मशीन बी चुकस."

ते गेल्यावर मी नानांना हाक मारली. पुढचे आठ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. नाना लाकडी पट्टी एकेका ओळीखाली धरायचे आणि मी परीक्षकांच्या यादीतला आकडा मोठ्याने वाचून छापील आकड्याशी ताडून पाहायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तशाच चुका आणखी दोन निघाल्या. एक मुलगा पाचोऱ्याकडचा होता आणि एक मुलगी धुळ्याची, माझ्याच गावातली. दोघेही पास होते, दोघांनाही मी नापास करून ठेवलं होतं.

त्या दोघांपैकी कुणीही विचारायला आलं नव्हतं.