टिकलीखालचा डाग

मागच्या वर्षी एक दिवस टिकली काढली, तर खाली बरोबर तेवढाच पांढरा डाग. आठवीत शाळा सुटली माझी, कोणाला विचारावं हेही कळेना. लग्न करून यवतमाळकडून जबलपूरला आले, खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात एका मराठी काकूंकडे स्वयंपाक करते. गावी माझ्या आत्याला कोड होतं. लोक त्याला महारोगच समजत. तिचं ताट वेगळं, आणि सवाष्ण असून हळदीकुंकवाला तिच्या कपाळाला कोणी बोट लावलं नाही. काकूंनी डाग पाहिला तर काम जाणार, मग या परक्या गावात मला कोण दारात उभं करणार? म्हणून मोठी टिकली लावली. डाग वाढला, त्याहून मोठी आणली. काकू हसायच्या, "अगं, कपाळ दिसू दे जरा." नर्मदामैयाला माझं एकच मागणं होतं, हे झाकून ठेव.

मैयानं झाकलं नाही. ग्वारीघाटावर बुडी मारून वर आले, तर टिकली पाण्यात गेलेली. कपाळ हातानं धरून पायरीवर बसले, रडू आवरेना. शेजारी साडी पिळत असलेल्या बाईनं हळूच माझा हात बाजूला केला. तिच्या कपाळावरही तसाच गोल, फिका डाग होता, उघडा. म्हणाली, "बिंदी के गोंद से हुआ है, दीदी. मेरा भी. मेडिकल कॉलेज में चमड़ी वाले डॉक्टर को दिखा दो." डोळे पुसून वर पाहिलं, तर ती गर्दीत मिसळली होती. नावही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. काही टिकल्यांच्या गोंदानं कातडीचा रंग जातो. म्हणजे मी ज्यानं झाकत होते, तेच डाग वाढवून राहिलं होतं. हा डाग कोणाला लागत नाही, आत्याचं कोडही लागत नव्हतं. पूर्वी कोडाला आणि महारोगाला दोन्हींना कुष्ठच म्हणत, त्यातून ही भीती चालत आली. ऐकताना आत्याचं वेगळं ताटच डोळ्यांपुढे येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी उघड्या कपाळानं कामावर गेले, सगळं सांगून टाकलं. काकू आत गेल्या. वाटलं, संपलं. परत आल्या तेव्हा हातात कुंकवाचा करंडा होता.

"काहून घाबरली एवढी? कुंकू चालते ना?"

घरचं, हळदीचं चालेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सांगितलं. काकूंनी बोट बुडवलं आणि नेमकं त्या डागावर टेकवलं.

मलम लावते. रंग परत येईलच, असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. मैयानं माझं मागणं ऐकलं नाही, म्हणूनच मी सुटले. आता तिला काही सांगत नाही. कपाळ उघडं ठेवून बुडी मारते.